रणगाड्याचा पहिला गोळा नेमका कसा लागतो?

अहिल्यानगरच्या, म्हणजे सवयीने ज्याला अजून नगर म्हटले जाते त्या शहरातल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये आपण कधी गेला असाल, तर तिथे उघड्यावर उभे असलेले रणगाडे पाहिले असतील. सेंच्युरियन, विजयंता, पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन. पाहणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: पोलाद किती जाड आणि तोफ केवढी मोठी? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पण समोरासमोर आलेल्या दोन रणगाड्यांपैकी कोणाचा गोळा आधी लागेल, हे एवढ्यावरून कळत नाही. ते पहाटेपासून केलेल्या बारीकसारीक कामांवर ठरते.

म्हणून या लेखात आपण एकाच गोळ्याचा माग काढू. रणगाडा घेऊ टी-९०, आपल्या लष्करातले त्याचे नाव ‘भीष्म’. मूळ रशियन बनावटीच्या या रणगाड्यांपैकी ३१० घेण्याचा करार भारताने २००१ मध्ये केला आणि पुढे चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात ते बनू लागले. वजन सुमारे ४७ टन. जिथे फरक समजणे गरजेचे आहे तिथे आपला अर्जुन, जर्मनीचा लेपर्ड-२ आणि अमेरिकेचा एब्रम्स यांच्याकडेही पाहू.

आधी एक शब्द. अशा रणगाड्याला ‘मेन बॅटल टँक’, म्हणजे मुख्य लढाऊ रणगाडा म्हणतात. पूर्वी पायदळाबरोबर सावकाश चालणारा रणगाडा वेगळा, वेगाने मुसंडी मारणारा वेगळा, असे प्रकार असत. दुसऱ्या महायुद्धानंतर तोफ, चिलखत आणि वेग या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रात बसवणे जमू लागले आणि बहुतेक सैन्यांनी एकाच मुख्य प्रकारावर भर दिला.

भीष्ममध्ये तीन माणसे असतात. पुढे मध्यभागी चालक, आणि वरच्या फिरत्या बुरुजात, ज्याला टरेट म्हणतात, तिथे डावीकडे गनर व उजवीकडे कमांडर. अर्जुन, लेपर्ड आणि एब्रम्समध्ये चौथा माणूस असतो, तो हाताने गोळे भरतो. आपल्या चिलखती दलात हुद्द्यांची नावे अजून घोडदळाचीच आहेत: सवार, दफादार, रिसालदार. घोड्याला आधी चारा-पाणी आणि मग स्वतःचे जेवण, ही जुनी शिस्तही त्यांच्याबरोबर आली. तिचा उपयोग आपल्याला पुढे पदोपदी दिसेल.

सुरुवात इंजिनापासून. भीष्मचे डिझेल इंजिन १००० अश्वशक्तीचे आहे. ते विजेच्या स्टार्टरने चालू करता येते, शिवाय दाबलेल्या हवेच्या बाटल्यांनीही. ही दुसरी सोय थंडीत जीव वाचवते. लडाखमध्ये हिवाळ्यात डिझेल घट्ट होते आणि बॅटरीचा जोर उतरतो. रात्री अधूनमधून इंजिन चालवून ते उबदार ठेवावे लागते. त्यातच १४ हजार फुटांवर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची पूर्ण ताकदही मिळत नाही. राजस्थानात त्रास उलटा: बारीक धूळ हवेच्या गाळणीत साचते. गाळणी वेळेवर साफ केली नाही, तर इंजिनाचे आयुष्य झपाट्याने घटते.

इंजिन चालू झाले की पट्टे. पोकलेनला असतात तसेच हे साखळीपट्टे, फक्त कितीतरी वेगाने धावणारे. ४७ टन वजन दोन लांब पट्ट्यांवर पसरते, म्हणून जमिनीच्या एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोच्याही आत भार पडतो. आपल्या मोटारीच्या टायरखाली याच्या दुपटीहून जास्त दाब असतो. नांगरटीच्या रानात जिथे मोटार अडकते तिथून रणगाडा निघून जातो, तो यामुळे.

इथे पहिली नेहमीची चूक होते. पट्ट्याचा ताण रोज तपासायचा असतो. ढिला पट्टा उतारावर झटक्यात वळताना दातेरी चाकावरून उतरतो, आणि मग ४७ टनांचे यंत्र जागच्या जागी खिळते. ताण फार जास्त ठेवला तर सांधे लवकर झिजतात आणि इंजिनावर बोजा पडतो. पट्टा उतरला की तो पुन्हा चढवायला तिघांनाही बाहेर यावे लागते, हातात पहार आणि घण घेऊन. शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात याहून वाईट वेळ नाही.

दुसरी चूक जमीन ओळखण्यातली. कमी दाब म्हणजे कुठेही जाता येते असे नव्हे. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तर इथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पाणी सोडून भिजवलेल्या शेतांत शिरले आणि रुतले. उसाच्या आड दबा धरून बसलेल्या भारतीय तुकड्यांनी त्यांना टिपले. भारतीय नोंदीनुसार पाकिस्तानने तिथे ९७ रणगाडे गमावले. पॅटन त्या काळातला अत्यंत आधुनिक रणगाडा होता. अंतर मोजण्याचे दुहेरी भिंगांचे यंत्र त्यात होते, पण ते हाताळायला कठीण, आणि चिखलात रुतलेल्या रणगाड्याला त्या यंत्राचा फारसा उपयोग नव्हता.

पाण्याचेही असेच. भीष्म किंवा त्याआधीचा टी-७२ काही तयारी न करता साधारण सव्वा मीटर खोल पाण्यातून जातो. फटी बंद करून आणि वर हवेची नळी लावून पाच मीटरपर्यंत जाता येते. पण डोंगराळ नदी अचानक चढते. जून २०२४ मध्ये लडाखमध्ये श्योक नदी ओलांडताना पाणी एकाएकी वाढले, एक टी-७२ अडकला आणि पाच जवानांचा मृत्यू झाला. पाण्याची खोली पुस्तकात लिहिलेली असते, तिचा वेग जागेवर जाऊनच कळतो.

आता रणगाडा लढण्याच्या जागी पोहोचला. तो उघड्यावर उभा करत नाहीत. टेकडीच्या किंवा बांधाच्या मागे असा लावतात, की फक्त बुरूज आणि तोफ वर दिसावी आणि धड जमिनीआड राहावे. याला ‘हल डाउन’ म्हणतात. आपण बांधाआडून फक्त डोके वर काढून पाहावे, तसे.

पण इथे रचनेतला एक फरक आड येतो, आणि तो फार थोड्या लेखांत सांगितला जातो. टेकडीमागून खालच्या बाजूला मारायचे तर तोफेचे तोंड खाली झुकायला हवे. रशियन घराण्याच्या रणगाड्यांचा बुरूज बुटका, आत जागा कमी, म्हणून तोफ पाच-सहा अंशच खाली झुकते. लेपर्ड नऊ आणि एब्रम्स दहा अंश झुकवतो. म्हणून भीष्मच्या चालकाला आणि कमांडरला जागा निवडताना जास्त डोके चालवावे लागते. बुटकेपणाचा फायदाही आहे: सव्वादोन मीटर उंचीचा रणगाडा शत्रूला लवकर दिसत नाही.

पुढची पायरी शोधण्याची. रात्री किंवा धुरात उष्णतेवरून चित्र दाखवणारा थर्मल कॅमेरा लागतो. गरम इंजिन आणि माणसाचे शरीर त्यात पार्श्वभूमीपेक्षा वेगळे उठून दिसते. वाळवंटात भर उन्हात सगळेच तापलेले असले की हा फरक पुसट होतो. शिवाय कॅमेरा स्वतःही तापतो. भीष्मच्या थर्मल कॅमेऱ्यांना सुरुवातीच्या वर्षांत राजस्थानच्या उष्णतेचा बराच त्रास झाला होता.

लक्ष्य सापडले. आता नेम. ही पायरी सावकाश समजून घेऊ, कारण सगळ्यात जास्त गोळे इथे वाया जातात.

गनर ज्या दुर्बिणीतून पाहतो ती आणि तोफेची नळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, वेगळ्या जागी बसवलेल्या. दुर्बिणीचा मध्य जिथे दाखवतो तिथेच नळीचे तोंड रोखलेले आहे, हे जुळवून घ्यावे लागते. या कामाला ‘बोअरसाइटिंग’ म्हणतात: नळीतून आरपार दूरची एक खूण पाहायची आणि दुर्बीण त्याच खुणेवर आणून बसवायची. चूक किती लहान चालते? हात लांब करा. त्या अंतरावर पाऊण मिलिमीटर बाजूला सरकणे म्हणजे साधारण एक मिलिरेडियन. एवढी चूक राहिली तर दोन किलोमीटरवर गोळा दोन मीटर बाजूने जातो, म्हणजे जवळपास रणगाड्याच्या उंचीएवढा चुकतो. खडबडीत रस्त्यावरून तासभर धावल्यावर ही जुळणी थोडी हलू शकते. तपासायचा कंटाळा केला तर पुढचे सगळे महागडे यंत्र चुकीच्या जागी अचूक गोळा टाकते.

शिवाय नळी स्वतः वाकते. भीष्मची तोफ १२५ मिलिमीटर व्यासाची आणि सहा मीटर लांब आहे. एका बाजूने ऊन लागले की ती बाजू प्रसरण पावते आणि नळी केसभर झुकते. यासाठी नळीवर उष्णतारोधक आवरण गुंडाळलेले असते. नळीच्या साधारण मध्यावर आणखी एक फुगीर भाग दिसतो. तो धूर बाहेर ओढण्यासाठी असतो, नाहीतर गोळा सुटल्यावर विषारी वायू आत माणसांकडे येतील. म्युझियममध्ये जाल तेव्हा हा फुगीर भाग जरूर शोधा.

मग अंतर. गनर लेझरचा किरण सोडतो, तो लक्ष्यावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून अंतर कळते. नवशिक्याची चूक अशी की समोरच्या झुडपावरून किंवा धुळीच्या लोटावरून आलेले अंतर खरे धरायचे. म्हणून आकडा आला की क्षणभर विचार करायचा: समोरची टेकडी दोन किलोमीटरवर आहे, मग हा आकडा आठशे कसा?

अंतर मिळाल्यावर तोफेचा संगणक बाकी हिशोब करतो: आडवा वारा, रणगाडा एका बाजूला किती कलला आहे, लक्ष्य कोणत्या वेगाने सरकते आहे, नळी किती झिजली आहे, आणि दारूचे तापमान किती. शेवटचा मुद्दा अनेकांना नवा वाटेल. गरम दारू जोरात जळते. एकच गोळा मे महिन्यात जैसलमेरजवळ जास्त वेगाने सुटेल आणि जानेवारीत लडाखमध्ये कमी वेगाने. चुकीचे तापमान नोंदले गेले, तर गोळा वरून जाईल किंवा आधीच पडेल.

सरकत्या लक्ष्याचा वेग संगणकाला कळतो तो गनरच्या हातावरून. गनर लक्ष्यावर खूण धरून तिच्याबरोबर बुरूज फिरवत राहतो, त्या फिरण्याच्या गतीवरून गोळा किती पुढे टाकायचा ते निघते. ऐन वेळी हात धक्क्याने हलला, तर संगणक तो धक्काच लक्ष्याचा वेग समजतो. म्हणून शिकवताना लेझर सोडण्याआधी आणि नंतरही खूण एकसारख्या गतीने धरून ठेवण्यावर भर असतो. हात स्थिर ठेवण्याचा हा सराव कोणत्याही यंत्राने टळलेला नाही.

धावता धावता नेम कसा राहतो? स्टॅबिलायझरमुळे, म्हणजे तोफ स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेमुळे. डोक्यावर घागर घेऊन बांधावरून चालणारी बाई आठवा. पाय खालीवर होतात, घागर जवळपास एका पातळीत राहते. तिची मान जे करते ते इथे जायरोस्कोप आणि मोटारी करतात.

आता भरणे. भीष्ममध्ये बुरुजाच्या तळाशी २२ गोळ्यांची फिरती तबकडी आहे. गनरने प्रकार निवडला की तबकडी फिरते, यंत्र आधी गोळा आणि मग दारूचे वेगळे नळकांडे उचलून तोफेत सरकवते. मिनिटाला सहा-सात गोळे सुटू शकतात आणि चौथा माणूस लागत नाही. नळकांडे दारूबरोबर जळून जाते, उरते ते फक्त धातूचे वाटीसारखे बूड, आणि तेही आपोआप बाहेर फेकले जाते.

गोळ्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्याला गोळा म्हणण्यापेक्षा बाण म्हणणे बरे. टंगस्टनसारख्या अतिजड धातूची लांब सळई, मागे पिसांसारखे पंख. सळई नळीपेक्षा खूप बारीक, म्हणून तिच्याभोवती हलक्या धातूचा साचा बसवलेला असतो. नळीबाहेर पडताच हा साचा शेंगेच्या टरफलासारखा गळून पडतो आणि सळई सेकंदाला सुमारे १७०० मीटर वेगाने, म्हणजे आवाजाच्या पाचपट वेगाने पुढे जाते. दोन किलोमीटर गाठायला तिला सव्वा सेकंद पुरतो. तिच्यात स्फोटक काहीही नसते. केवळ वेग आणि वजन यांच्या जोरावर ती पोलाद फाडते.

दुसऱ्या प्रकाराचे नाव हीट. त्यात स्फोटकाला पुढून शंकूसारखी पोकळी ठेवून तिच्यावर तांब्याचे अस्तर लावतात. स्फोट झाला की ते अस्तर दाबले जाऊन बारीक धारेच्या रूपाने पुढे झेपावते. नावावरून ही धार चिलखत जाळते किंवा वितळवते असा समज होतो, तो चुकीचा आहे. ती प्रचंड दाबाने पोलाद बाजूला सारत आत शिरते.

अर्जुनची तोफ १२० मिलिमीटरची असून तिच्या नळीच्या आतल्या बाजूला पिळाच्या खाचा आहेत. ती पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संस्थेने विकसित केली. खाचांमुळे गोळा स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे चिलखतावर चिकटून फुटणारा खास गोळा, तसेच बंकरवर मारा, यांसाठी ती उपयोगी पडते. जगातील बहुतेक सैन्यांनी मात्र गुळगुळीत नळी पसंत केली, कारण बाणाला फिरण्याची गरज नसते.

आता बाजू उलटी करू. शत्रूचा गोळा आपल्यावर येतो आहे. आजचे चिलखत एकसंध पोलाद नसते. पोलाद, सिरॅमिक अशा वेगवेगळ्या पदार्थांचे थर असतात. अर्जुनच्या अशा चिलखताचे नाव ‘कंचन’, हैदराबादच्या कंचनबागवरून पडलेले. भीष्मच्या अंगावर विटांसारखे जे चौकोन दिसतात, ते स्फोटक चिलखत. दोन पत्र्यांमध्ये स्फोटक भरलेले. धार आदळली की वीट फुटते आणि उडणारा पत्रा धारेला तोडतो. अशा विटा विकसित करण्याचे काम पुण्यातल्याच एचईएमआरएल या संस्थेने केले आहे. एक वीट एकदाच कामी येते, आणि ती फुटते तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच पायदळाला धोका असतो, हे लक्षात ठेवायला हवे.

चिलखत पुढून सर्वांत जाड, बाजूने पातळ, वरून आणखी पातळ. युक्रेनच्या युद्धात २०२२ पासून स्वस्त ड्रोनांनी नेमक्या या वरच्या बाजूवर घाला घातला, आणि सैनिक बुरुजावर लोखंडी जाळीचे पिंजरे बांधू लागले. त्याच युद्धात उडालेले बुरूज साऱ्या जगाने पाहिले. कारण ती फिरती तबकडी. माणसे बसतात त्याच्या खालीच दारू, ती पेटली की बुरूज उखडतो आणि आतले कोणी वाचत नाही. एब्रम्समध्ये बहुतेक आणि लेपर्डमध्ये काही गोळे बुरुजाच्या मागच्या कप्प्यात, जाड दाराआड असतात; तिथे आग लागली तर वरचे पत्रे उडून ज्वाळा बाहेर जातात. माझ्या मते चौथा माणूस आणि जास्तीचे वजन पत्करून मिळालेली ही सुरक्षितता मोलाची आहे. रणगाडा पुन्हा बनवता येतो, पण अनुभवी गनर तयार व्हायला अनेक वर्षे जातात.

गोळा सोडल्यावर जागा सोडायची असते. तोफेचा भडका आणि उडालेली धूळ शत्रूला आपला पत्ता सांगते. म्हणून लगेच मागे सरून टेकडीआड जायचे. इथे टी-७२ आणि भीष्म यांची मोठी उणीव उघडी पडते: उलटा वेग ताशी चार-पाच किलोमीटर, माणसाच्या चालीएवढा. लेपर्ड-२ तीसच्या आसपास वेगाने मागे जातो. चालकाने तोंड वळवून पळावे, तर पातळ पाठ शत्रूकडे येते. त्यामुळे माघारीची वाट गोळा सोडण्याआधीच ठरवून ठेवावी लागते.

संध्याकाळी रणगाडा परत आला की खरे काम सुरू होते. नळी साफ करायची, पट्ट्याचा प्रत्येक सांधा ठोकून पाहायचा, गाळणी झटकायची, तेल पाहायचे, उरलेले गोळे मोजायचे. इंजिनच बिघडले तर लेपर्डचे इंजिन आणि गिअर एका संचासारखे उचलून साधारण अर्ध्या तासात बदलता येतात. रशियन रणगाड्यांत तेच काम कितीतरी तास घेते. सैन्याकडे किती रणगाडे आहेत हा आकडा वर्तमानपत्रात येतो. त्यातले उद्या सकाळी किती चालू होतील, हा आकडा या संध्याकाळच्या कामातून ठरतो, आणि लढाई त्या दुसऱ्या आकड्यावर होते.

नगरशी जोडलेली शेवटची एक गोष्ट. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली. रणगाडा सोडण्याचा आदेश आला. तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते आत थांबले आणि मारा करत राहिले. त्यांचा जन्म पुण्याचा, वय २१ वर्षांचे. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ‘फामागुस्ता’ नावाचा त्यांचा तो रणगाडा दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे.